राखाडी काच आणि अण्णांचा उजवा हात

रवि. ८ नोव्हें. १९५३, ठाणे
मधूमामाने फोर्टातून कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवायची राखाडी काच आणली. मला वाटलं, पिवळ्या काचेसारखी आभाळ काळं करणार. छे! ही सगळाच उजेड सारखा कमी करते. मग उपयोग काय? मामा म्हणाला, "उजेड कमी, म्हणून भर उन्हातही वीस आकडे मोजेपर्यंत कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवता येते. ठेव, मग बघ." शाळेत मुलींना प्रकाश शिकवते मी, आणि हे डोक्यात आलं नाही!

मंगळ. १०
शाळेला सुट्टी. चेंदणी बंदरावर गेले, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर. माणसांची ही गर्दी. सगळा रोल तिथेच संपवला, दुपारी मोरीत अंधार करून धुतला. अगं बाई! फोटोत बंदर ओस. वीस आकड्यांत जी हलली ती माणसं पार पुसली गेली. जाळं विणत बसलेला म्हातारा तेवढा उरला, तोही बिनडोक्याचा. मान हलवत असणार. हसून हसून पुरेवाट.

शुक्र. १३
अण्णांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना मदत. चेंदणीची हिराबाई आलेली, मासळी विकते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "डॉक्टर, हातान चाचपून इकतंय मासली. गिऱ्हाईक फसवतान." अण्णांनी सोमवार दिला ऑपरेशनला. गेल्या महिन्यात एका पेशंटला मात्र दादरच्या डॉक्टरांकडे धाडलं. का कोण जाणे.

शनि. १४
अण्णांना अंगणात खुर्चीवर बसवून काचेतून तीन फोटो. चष्मा, मिशा, डावा हात लख्ख. उजव्या हाताच्या जागी नुसतं धुकं. तिन्हींत. रोज समोरासमोर बसून जेवतो आम्ही बापलेक, मला कसं दिसलं नाही? दाखवू की... परवा हिराबाईचा डोळा.

रवि. १५
फोटो दाखवला. अण्णा म्हणाले, "काच खराब असेल."
"मग डावा हात कसा आला नीट?"
भडकले. "अगं कुसुम, रिकामा असला की थरथरतो! हत्यार धरलं की थांबतो."
"नक्की, अण्णा?" निघून गेलं तोंडातून. असं कधी बोलले नाही त्यांना. पण भीती वाटत होती, काय करू.
अण्णा तडक आत गेले. वाटलं, संपलं. तर ऑपरेशनची सुरी घेऊन बाहेर, आपणहून खुर्चीत. डोळ्यावर धरतात तशी सुरी धरली. "लाव ती काच. मोज."
वीसपर्यंत मोजलं. नुसत्या नजरेला हात स्थिर वाटला. खरंच वाटला. पण बंदरावरचा म्हाताराही मला स्थिरच वाटला होता.
सुरी पुसत म्हणाले, "उद्या सकाळी हिराबाई यायच्या आत हवी फिल्म. आणि तुझ्याआधी मी बघणार."
धुऊन दोरीवर टाकलीय. मी पाहिली नाही. अण्णा मोरीच्या दारात येऊन उभे राहिलेत, आत येत नाहीत.