राजाभाऊचं स्थळ

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहून ठेवणं भाग आहे. प्रकरण नागरिकाच्या मूलभूत हक्कांपर्यंत आलं. मला संडासात दार लावून बसता येत नाही. कडी लागली की राजाभाऊ किंचाळतो, आणि तेही असं की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅस बंद करायला धावतात. म्हणून दार उघडं. समोर खुर्चीच्या पाठीवर तो, एक डोळा माझ्यावर. नळाला पाणी कधी येईल ते महापालिकेच्या मर्जीवर. निदान पुढचं तरी माझ्या मर्जीवर असावं!

राजाभाऊ म्हणजे आमचा पोपट. परदेशी, कोन्यूर जातीचा. डोळेसुद्धा उघडले नव्हते तेव्हा आणला, मी स्वतः सिरिंजनं भरवून वाढवला. आमचा मुलगा हिमांशू नोकरीला पुण्यात गेला, तेही त्याच वर्षी. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

५ मार्च

छातीवरची पिसं स्वतःच उपटतोय. चिकनच्या दुकानातून पळून आल्यासारखा दिसतो. छावणी भागातल्या पक्ष्यांच्या डॉक्टर विशाखांना दाखवला. वय माझ्या विद्यार्थिनींचं, ठसका प्राचार्यांचा. म्हणाल्या, सर, तो तुम्हाला जोडीदार समजतो. मी म्हटलं, स्वाभाविक आहे. म्हणाल्या, अजिबात नाही. असंच चाललं तर पिसं कायमची जातील, मग कातडी फोडून घेईल, मग जिवावर बेतेल. त्याला पाखराची सोबत द्या आणि तुम्ही जरा लांब व्हा.

पाखरू नर आहे की मादी, हे टेस्ट केल्याशिवाय सांगता येत नाही म्हणे. मी स्वभावावरून सांगतो. नर आहे. हट्टी आहे, घरात काही करत नाही.

मेघा रिक्षात घरापर्यंत हसत होती. चाळिशी उलटलेल्या बायकोनं रिक्षात एवढं हसू नये.

संकल्प : स्थळ बघणे. महिनाअखेर उरकून टाकतो.

९ मार्च, रविवार

स्थळं पाहिली. एकाचा पिंजरा गंजलेला. एक पक्षी ‘हॅलो गाइज’ म्हणतो. असलं माणूस आमच्या घरात नको. तिसरं हर्सूलचं, अभय नावाचा इंजिनिअर. कॅनडाला चाललाय, म्हणून पाखरू चांगल्या घरी द्यायचंय. जात तीच. नाव पिंकी! मी नाक मुरडलं, पण रंग उजळ आहे.

चहा-पोहे झाले. अभयनं मलाच विचारलं, काका, घरी किती वेळ असता, खाऊ काय देता, आधीचा पक्षी चावका आहे का? मी म्हटलं, प्रश्न मुलाकडची मंडळी विचारतात. तो म्हणाला, मी मुलीकडचा आहे, म्हणूनच विचारतोय. हल्लीच्या पिढीला बैठकीची रीत माहीत नाही.

१५ मार्च

पिंकी घरी आली. डॉक्टरीणबाईंचा हुकूम : महिनाभर वेगळ्या खोलीत, मग पिंजरे शेजारी-शेजारी, मग बघू. आणि सर, मान खाजवणं बंद.

महिनाभर? आमचं लग्न ठरून मांडव पडायला एवढा वेळ लागला नव्हता. मी आणि मेघा आधी एकदाच भेटलो होतो, तेही तिच्या काकांसमोर. तरी बघा.

३० मार्च, पाडवा

साडेतीन मुहूर्तांतला एक. आज पंचांग बघावं लागत नाही, मग डॉक्टर कशाला बघायचा? गुढी उभारली, पिंजऱ्याला हार, दोघांपुढे श्रीखंडाची वाटी. (मेघानं वाट्या उचलून घेतल्या. म्हणे पक्ष्यांना दूध पचत नाही.) साक्षीला शेजारचे पुंडलिकराव. शुभघडीला पिंकीला राजाभाऊच्या पिंजऱ्यात सोडलं.

राजाभाऊनं तिचा पाय धरला. ती ओरडली, मी ओरडलो, मेघानं टॉवेल टाकून सोडवली. पिंकीच्या बोटातून रक्त. राजाभाऊ थेट माझ्या डोक्यावर येऊन बसला.

पुंडलिकराव म्हणाले, सर, पाव्हणी घरात आली की असं करतेत व्हय? लई लाडावून ठेवलंय तुम्ही. मी म्हटलं, लाडावलेला नाही, चोखंदळ आहे. ते म्हणाले, मंग श्रीखंड आना इकडं.

६ एप्रिल

आता छाती पूर्ण उघडी. पिंकीचं बोट बरं झालं, पण तिच्यात काही राम नाही. दिवसभर मोबाइलच्या रिंगसारखी वाजते. मी उठून फोन बघतो, कुणाचाच नसतो. राजाभाऊनं नकार दिला यात त्याची चूक नाही.

मान खाजवणं बंद केलंय. अगदीच डोकं पुढं केलं तर पडद्यामागं थोडंसं. माणुसकी म्हणून.

मेघाला दिसलं. म्हणाली, अहो, सवत आल्यासारखं तोंड त्याचं नाहीये, तुमचं आहे.

मी पडदा नीट केला.

२० एप्रिल

पेपर तपासायला नांदेडच्या कॅम्पवर जावं लागतंय. नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही. राजाभाऊ उपाशी मरणार हे उघड आहे. मेघाला सूचना लिहून दिल्या : खाणं सोडलं तर माझा सदरा पिंजऱ्याजवळ ठेवणे, फोनवर माझा आवाज ऐकवणे. दोन्ही पिंजरे शेजारी ठेवते, म्हणाली. ठेव. निरोप घेताना त्याच्याकडे बघवलं नाही.

२५ एप्रिल

फोन केला. मेघानं स्पीकर लावला. मी आमची नेहमीची शीळ घातली. तिकडून काही नाही. मग मोबाइलची रिंग वाजली. पिंकी. मग दुसरी, जरा घोगरी. ती कुणाची विचारलं. मेघा म्हणाली, ओळखा!

नेटवर्क खराब असावं.

३ मे

परतलो. पिंजऱ्याचं दार उघडं, दोघं एकाच दांडीवर. पिंकी राजाभाऊची मान खाजवत होती आणि त्यानं डोळे मिटले होते. छातीवर पिसांचे कोंब आलेत. डॉक्टरीणबाई व्हिडिओ बघून म्हणाल्या, छान, सरांनी काय केलं? मेघा म्हणाली, नांदेडला गेले.

वास्तविक माझं जाणं हा योजनेचाच टप्पा होता. योजना कुणाला सांगितली नव्हती इतकंच.

११ मे

संडासाचं दार लावलं. कुणी ओरडलं नाही. बराच वेळ बसलो. शेवटी आतूनच शीळ घातली.

बाहेर आलो आणि हात पुढं केला. राजाभाऊनं करंगळीला धरलं. ‘धरलं’ म्हणजे चावला. मुद्दाम नसेल. पिंकीच्या देखत त्याला तसं दाखवावं लागत असेल. घरोघरी हेच.

१८ मे, रविवार

छाती हिरवी-पिवळी भरून आली. आज मी सगळा वेळ पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलो. दोघांनी एकदाही पाहिलं नाही. पुंडलिकराव डोकावून म्हणाले, सर, जावयाच्या घरी आल्यावानी बसलात की.

दुपारी मेघाला वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. तिचा उजवा खांदा होळीपासून धरलाय. तेल चोळून द्या, म्हणाली होती. बऱ्याचदा म्हणाली असावी. या वहीत तशी नोंद कुठं दिसत नाही.

मी डबा काढून दिला. तेल कोमट केलं. तिला स्टुलावर बसवून खांदा चोळला, मग मानेपर्यंत.

थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले.

चावली नाही.