मद्रासला नेलेलं दूध

कळंबोली,
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय अमरीन,
अस्सलामु अलैकुम.

आम्ही सगळे खुशाल आहोत. अम्मीचे गुडघे पुन्हा दुखायला लागलेत, पण ऐकते कुठे? काल परत खाली बसून मासळी साफ करत होती. तुझी भाभी आफरीन सैफसाठी कुर्ता शिवायचा म्हणते, त्याचा एखादा जुना शर्ट मापाला पाठव. लोखंड बाजार मंद आहे. दुपारी ट्रकवाले गाडीखालीच झोपलेले असतात. बासितभाईंना सलाम सांग. श्रीवर्धनला हवा आता छान झाली असेल.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. सैफ शाळेच्या शर्यतीत दुसरा आला हे वाचून अम्मी रडली. पुढे तू लिहिलंस, "भाई, तू तेव्हा विमानाने माझं दूध नेलं नसतंस, तर हा आज धावला नसता." पाच वर्षांत हे तू कितीदा म्हणालीस. पाहुण्यांसमोर म्हणालीस, सैफच्या अकिक्याला, जावळ काढताना म्हणालीस. प्रत्येक वेळी मी मान खाली घातली आणि तुम्हाला वाटलं, युसुफ लाजला.

ते दूध मद्रासला पोचलं नाही, अमरीन.

सगळं क्रमानेच लिहितो, नाहीतर मी मध्येच काहीतरी गाळीन. सैफ सहा दिवसांचा होता. त्याच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी बासितभाई आणि अम्मी त्याला मद्रासला घेऊन गेले होते. तू वाशीच्या हॉस्पिटलात, टाके पिकलेले, अंगात ताप. तिकडून फोन आला की वरचं दूध बाळाला पचत नाही, सगळं उलटतंय, आईचं मिळालं तर बरं. रेल्वेला एक दिवस आणि वर दोन-तीन तास. तेवढा वेळ दूध टिकणार नव्हतं, म्हणून विमान. सुनीती सिस्टर बाटल्या उकळून द्यायची आणि तू तो काचेचा पंप छातीला लावून, उशीत तोंड खुपसून दूध काढायचीस. दीड दिवसात तीन छोट्या बाटल्या भरल्या. सिस्टरने त्या मोठ्या थर्मासमध्ये बर्फात बसवल्या. तू म्हणालीस, "भाई, मांडीवर ठेव हां. वर सामानात टाकू नको."

सांताक्रूझच्या विमानतळावर मी तपासणीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या मागेच आमच्या बाजारातले सिताराम शेठ होते. त्यांनाही कामासाठी मद्रासला जायचं होतं. पोलिसाने थर्मास उघडायला लावला.

"काय आहे हे?"

"दूध."

"लहान मूल कुठंय?"

"मूल... नाहीये बरोबर."

"मग दूध कुणासाठी? कसलं?"

मी म्हणालो, गाईचं. पेशंटसाठी नेतोय. तो म्हणाला, "मग एक घोट पिऊन दाखवा. सगळ्यांनाच सांगतो आम्ही, नियम आहे."

तुझं दूध, अमरीन. मी कसा पिणार होतो? शेजारी एक बाई पोलीस होती. तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, आईचं आहे का? बाळ दवाखान्यात आहे का? तसं असेल तर सांगा, आम्ही सोडतो."

तिने इतकं सोपं करून दिलं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण सिताराम शेठ मान पुढे काढून ऐकत होते. बहिणीचं दूध घेऊन चाललोय, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. उद्या बाजारात चहाच्या टपरीवर हसतील, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणालो, "नाही नाही, तसलं काही नाही. राहू द्या, मी ओतून टाकतो."

आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये मी तिन्ही बाटल्या ओतल्या. नळ सोडला. शेठने विचारलं, काय हो होतं? मी म्हटलं, देशी औषध.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी घाबरलो होतो. मार्चमध्ये मुंबईत स्फोट झालेले, तिकिटावर माझं नाव युसुफ, हातात पांढऱ्या पाण्याच्या बाटल्या. कुणालाही पटेल असं कारण आहे. पण खरं नाही. माझ्या नावावरून मला कुणी एक शब्दही बोललं नव्हतं. मी लाजलो, एवढंच.

मद्रासला अम्मीने थर्मास हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, हलका कसा?" मी सांगितलं, झाकण सैल झालं, वाटेत सांडलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. बासितभाई उलट माझीच समजूत घालू लागले. मी दोघांना म्हटलं, अमरीन आजारी आहे, तिला सांडल्याचं कळवू नका, पोचलं म्हणा. तुझ्या काळजीपोटी ते आजवर गप्प राहिले. त्यांनाही खरं माहीत नाही.

मग सैफ जगला कसा? शेजारच्या खाटेवर नांदेडकडची एक बाई होती, वेणूबाई. तिची मुलगी दहा दिवसांची, तिलाही हृदयाचंच. त्या वॉर्डात मराठी बोलणारी ती एकटीच, म्हणून अम्मीचं तिच्याशी जमलं होतं. अम्मीला रडताना पाहून तिने विचारलं आणि ऐकून वाटी मागितली. "माझ्या पोरीला ओढाया येत न्हाई, मावशी. मला लई हाय. तुमच्या लेकराला द्या." नर्सने डॉक्टरांना विचारलं आणि ते दूध सैफला नळीने दिलं. उलटी थांबली.

चौथ्या दिवशी वेणूबाईची मुलगी गेली. वेणूबाईच्या नवऱ्याने, मारोतीने, पोरीला तिथेच पुरलं. संध्याकाळी दोघं सामान बांधायला परत आले. मी बाहेर बाकावर होतो. वेणूबाई वाटी घेऊन माझ्यासमोरून वॉर्डात निघाली. मी म्हटलं, ताई, आज राहू द्या. ती म्हणाली, "पोर गेली म्हून दूध थांबतंय व्हय, भाऊ? त्याचं आपरेशन होईस्तोवर ऱ्हाते." आणि पाच दिवस राहिली.

आपल्यात दूध पाजणारीला आईचा मान असतो. अम्मी तेव्हाच म्हणाली होती, हे अमरीनला कळायला पाहिजे. मीच नको म्हणालो. कळलं असतं तर तू पहिला प्रश्न विचारला असतास, माझं दूध कुठे गेलं?

आज हे लिहायचं कारण म्हणजे मारोती आता आमच्या बाजारात हमालीला आहे. गेल्या महिन्यात त्याचा डबा घेऊन आलेल्या वेणूबाईने मला ओळखलं. केस पांढरे झालेत तिचे. नंतर मूल झालं नाही. "लेकरू बरं हाय का, भाऊ? एकडाव बघू द्या लांबून. हात नाय लावनार."

मी म्हणालो, तो आईबरोबर कुवेतला असतो.

हे माझं आणखी एक खोटं, आणि या वेळी मागे कुणी शेठही नव्हता. ती "बरं झालं, सुखात हाय" म्हणून निघून गेली. तेव्हापासून बाजारात डब्याची वेळ झाली की मी गोदामाच्या आत जाऊन बसतो.

ती दोघं कामोठ्याला गावातल्या शाळेमागच्या चाळीत राहतात. मारोती हमाल म्हटलं की कुणीही घर दाखवील. पुढचं तू ठरव. माफी मागायला मी तिकडे येणार होतो, पण तुझ्यासमोर माझ्या तोंडून हे निघालं नसतं, हे आता मला कळतं. म्हणून कागद.

तुझ्या दुधाचा गुन्हेगार,
युसुफ


श्रीवर्धन,
३ डिसेंबर १९९८

भाई,

पत्र मिळालं. बासितना वाचून दाखवलं. ते उठून समुद्राकडे गेले.

मी तीन दिवस धड जेवले नाही. सिताराम शेठ हसले असते, हे मी समजू शकते. बाजारात तुला रोज उभं राहायचं होतं. पण त्या पोलीस बाईने विचारलं होतं. तुझ्यासारख्याला जमणार नाही हे ओळखून तिने शब्दसुद्धा तुझ्या तोंडात दिले होते. पंप ओढताना माझ्या टाक्यांतून पू यायचा, भाई. ते तू पाहिलं होतंस.

परवा मी सैफला घेऊन कामोठ्याला जाऊन आले. कळंबोलीवरूनच गेले, तुमच्याकडे उतरले नाही. अम्मीला राग येईल, तिला तू सांग.

वेणूबाई भांडी घासत होती. मी नाव सांगितलं तशी ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. तरी सैफला हात लावीना. म्हणाली, "आपरेशनची खूण हाय का अजून?" सैफने शर्ट वर केला. ती खाली बसून बघत राहिली. मी सैफला म्हटलं, "या तुझ्या आईच. तू लहान असताना यांनी तुला दूध पाजलं." तो म्हणाला, "मग तुम्ही आमच्याकडे का येत नाही?" तेव्हा कुठे तिने त्याला जवळ ओढलं. ईदला ती दोघं श्रीवर्धनला येणार आहेत.

कुवेतचं तिने काढलंच नाही. मीही नाही.

निघताना मात्र म्हणाली, "तुमचे भाऊ लई गुणाचे. त्यांच्या हातून तुमचं दूध सांडलं ना, तर पोरासारखे रडत हुते बिचारे."

मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. सांडलं होतं."

तुझं खोटं आता मीही बोलले आहे. तिच्यासमोर तुझी लाज राखली. माझ्यासमोर कशी राखायची, ते मला अजून सुचत नाही. या ईदला येऊ नको. मी बोलवीन तेव्हा ये, पत्राने नाही, स्वतः ये, आणि जे लिहिलंस ते माझ्यासमोर बसून बोल.

अमरीन