डब्याच्या पिशवीतलं कुलूप

बाबा, आज तुमच्या कुलपाने मी आमच्या अख्ख्या इमारतीची वीज बंद करून ठेवली आणि सगळ्या मजल्यांची बोलणी खाल्ली. त्यातली निम्मी तुमच्या वाटणीची आहेत, म्हणून लिहायला बसले.

वृंदावन योजना या वसाहतीतल्या आमच्या इमारतीत घरोघरी एसी आले, भार वाढला, म्हणून नवा मीटर आणि त्याच्याबरोबर सीटी, म्हणजे तारेभोवती बसणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या कड्या, बसवायचं ठरलं. मी सोसायटीची सचिव. संस्कृत शिकवणाऱ्या बाईला दुसरं काम नसतं, याबद्दल सर्व रहिवाशांचं एकमत झालं. दुसऱ्या कशाबद्दल झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. आलमबागहून फिटर आला. पन्नाशीचा, गालात पान, हसरा. पॅनेलचं दार उघडून त्याने पिशवीतून सीटी काढल्या, चिमट्यासारख्या उघडणाऱ्या. त्यांच्या तारा नुसत्याच लोंबत होत्या. तो हात आत घालणार तोच मी विचारलं, "भैया, मेन बंद किया?" तो हसला. "अरे मैडम, ये क्लिप वाली है, चालू लाइन पर ही चढ़ा देंगे। रोज़ का काम है।" मागे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल उभे होते. "मैडम, गर्मी देखिए। मिसेज़ की तबीयत वैसे ही ठीक नहीं। दस मिनट की बात है।" फिटर माझ्याकडे वळून म्हणाला, "अब साहब कह रहे हैं, तो मना कैसे करें?"

माझ्या कानशिलांतून जाळ निघाला, बाबा. हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकत मोठी झाले आहे.

तेलीबागच्या घरातलं स्वयंपाकघर आठवतं आहे. आई पोळ्या करते आहे आणि तुम्ही तिचा हात धरून मला सीटी समजावता आहात. हा हात म्हणजे जाड तार, सगळा प्रवाह वाहून नेणारी. भोवतीची बांगडी म्हणजे सीटी. ती त्या प्रवाहाचं छोटंसं माप काढून दोन बारीक तारांतून मीटरला देते. आई म्हणते, "अहो, हात सोडा, पोळी करपतेय." तुम्ही सोडत नाही. "त्या दोन तारा चालू लाइनवर कधीही मोकळ्या सोडायच्या नाहीत. मीटरला जोडलेल्या, नाहीतर एकमेकींना जोडलेल्या." मोकळ्या सोडल्या तर काय, असं मी विचारते. "कुकरच्या शिटीत चिंधी कोंबून बघ." आणि त्याच्याही आधीचा नियम: मेन बंद, त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्याच खिशात. मग टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये, मग पॅनेलवर, मग पुन्हा सॉकेटमध्ये. कारण टेस्टरच मेला असेल तर सगळंच मेलेलं दिसतं. मी तेव्हा नुकतंच कॉलेजात संस्कृत घेतलं होतं, व्याकरण डोक्यात चढलेलं. "पण बाबा, प्रत्येक नियमाला अपवाद असतो." तुम्ही पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "तुझ्या व्याकरणात कुणी मरत नाही ना, म्हणून."

केवढं सुरेख वाक्य! मी ते वर्गात कितीदा तरी वापरलं, तुमचं म्हणून न सांगता. आणि हे बोलणाऱ्या माणसाने पुढच्याच उन्हाळ्यात काय केलं? तुम्ही ज्या संशोधन संस्थेत इंजिनियर होतात, तिथे मीटर बदलायचा होता. वीज बंद केली तर शास्त्रज्ञांच्या फ्रीजरमधले नमुने खराब होतील, असं कुणीसं म्हणालं. इंजीनियर साहब, बस थोड़ी देर का काम है. आणि तुम्ही 'बरं' म्हणालात. चालू पॅनेलमध्ये पाना निसटला, वीज वाहणाऱ्या दोन तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये पडला, आणि जो आगीचा लोळ उठला त्याने तुम्हाला ठेवलं नाही. वीज गेलीच, बाबा. दुसऱ्या दिवसापर्यंत आली नाही. नमुनेही गेले. जाण्याआधी हॉस्पिटलमध्ये तोंडाला बँडेज बांधलेलं, आणि त्या बँडेजमधून तुम्ही आईला काय विचारावं? "त्यांचं काम अडलं का ग?"

मला त्या संस्थेचा राग आला होता, तो काळाने झिजला. तुमचा झिजत नाही. शोकसभेत जो तो उठून सांगत होता, साहब ने कभी किसी को ना नहीं कहा, आणि आई मान डोलावत होती, जणू सत्कारच चालला आहे. आम्हा दोघींना तुम्ही जन्मभर सगळ्याला 'नाही' म्हणालात: सहलीला नाही, सिनेमाला नाही, नागपूरला जायला रजा नाही. तेव्हा तो शब्द तुम्हाला येत नव्हता असं नाही. तो फक्त घरी वापरायचा होता. कुलूप तर त्या दिवशीही तुमच्या डब्याच्या पिशवीत होतं. रिकाम्या डब्याबरोबर ते घरी परत आलं, आणि आई पुढे ते गव्हाच्या कोठीला लावायची.

आज मी ते आणलं. फिटरला म्हटलं, "मेन गिराइए।" कर्नलांना म्हटलं, "भाभीजी को ऊपर मेरे यहाँ भेज दीजिए, मेरे पास इन्व्हर्टर है। लेकिन लाइट जाएगी।" ते म्हणाले, "आप बेवजह ज़िद कर रही हैं।" मी म्हटलं, "जी हाँ।" कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली. टेस्टर वर माझ्या इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये, खाली पॅनेलवर, पुन्हा वर सॉकेटमध्ये. फिटर पिंक टाकून म्हणाला, "मैडम, आप तो हमारी सास से भी सख़्त हैं।" "सास ज़िंदा दामाद पसंद करती होगी, भैया. पहले तार मीटर से जोड़िए।" हसत हसत त्याने जोडल्या, स्क्रू आवळून पाहिले, सीटी लाइनवर चढवून त्यांवरचा बाण भाराच्या दिशेला आहे ना तेही मला दाखवलं. वरून कुणीतरी ओरडत होतं, "और कितनी देर?"

काम झालं. त्याने पॅनेलचं दार लावलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "रुकिए, अभी जाँच बाकी है।"

तपासायचं काहीच उरलेलं नव्हतं, बाबा. मी जिन्याच्या पायरीवर बसले होते. सगळी इमारत घामाने निथळत होती, बडबडत होती, आणि मला वाटत होतं, थांबा जरा. एकदा तरी तुमच्यासाठी यांनी थांबावं.

मग दिली किल्ली. कुलूप परत त्याच पिशवीत ठेवते आहे, आणि त्याखाली हे कागद. कर्नल विचारतील कसली जाँच होती ती. त्यांना काहीतरी सांगेन.