पुठ्ठ्याच्या पट्ट्या

अल वक्रा,
डिसेंबर

प्रिय कुणाल,

घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. कागदावर आईचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असंच तुझ्या पिढीला वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा पाठवून मोकळा झाला असतास. मराठीत लिहितेय तेही मुद्दाम. तुला शाळेत हिंदी होती, म्हणजे अक्षरं ओळखीची आहेत. एकेक शब्द चाचपत वाचशील आणि तेवढा वेळ माझ्याजवळ बसलास, असं मी समजेन.

तर, मोटारींच्या शर्यतीच्या आठवड्यात तू तुझ्या टीमबरोबर दोह्यात होतास. तुझा मेसेज आला होता, ‘क्रेझी वीक, आई. प्लीज डोन्ट कुक. विल ट्राय टु कम.’ हे ‘विल ट्राय’ मला आपल्या एसी दुरुस्तीवाल्याच्या ‘इन्शाल्ला’सारखं वाटलं. तो येतो, पण उन्हाळा संपल्यावर. मी उत्तर धाडलं, ‘तुझं काम बघ, माझ्यासाठी त्रास घेऊ नकोस.’ हे आपल्या घराचं ब्रीदवाक्यच आहे. छातीत कळा येत असताना तुझे बाबा टॅक्सीवाल्याला ‘तुम्हाला उगाच त्रास’ म्हणाले होते. आईला त्रास नको म्हणून तू आला नाहीस, लेकाला त्रास नको म्हणून मी बोलावलं नाही. मेट्रोच्या एकाच रेड लाइनच्या एका टोकाला तू, लुसैलला, आणि दुसऱ्या टोकाला मी. दोघंही कमालीच्या सभ्यपणे आपापल्या जागी बसून राहिलो.

म्हणजे तू बसून राहिलास. मी शुक्रवारचं, सरावाच्या दिवसाचं, त्यातल्या त्यात स्वस्त तिकीट काढलं, वालाचं बिरडं केलं (डोन्ट कुक म्हणालास, वाल सोलू नकोस असं कुठे म्हणालास?) आणि डबा घेऊन मेट्रोत बसले. लुसैलच्या स्टेशनवरून सर्किटपर्यंत बस होती. ड्रायव्हर जालिंदर, बीडकडचा. माझ्या कपाळाची टिकली बघून त्याने थेट मराठीतच सुरुवात केली. सगळं ऐकून म्हणाला, ‘पोरगं आत हाय अन् तुमी भाईर? फोन लावा की, ताई!’ मी म्हटलं, तो कामात असतो. ‘कामात तर आमी बी हावोत. माय आली म्हनल्यावर कुनी बस सोडून पळंना का!’ फाटकावर डबा आत नेऊ देईनात, तेव्हा मी तो जालिंदरकडेच सांभाळायला दिला. परत आले तर डबा धुऊन पुसून तयार. ‘सांभाळलं की,’ पोटावर हात ठेवून म्हणाला. बिरडं छान झालं होतं, असा निरोप आहे.

आत बसायला जागा चांगली मिळाली. समोर तुमच्या टीमच्या रंगाचे शर्ट घातलेली माणसं मुंग्यांसारखी पळत होती. त्यातला एक तू असशील, असं धरून मी एका मुंगीकडे बघत बसले. नंतर ती मुंगी वळली, तिला दाढी होती. गाड्या गेल्या की पोटात धडधडायचं. शेजारचा माणूस बायकोला सांगत होता, की गाडी जमिनीला चिकटते ती तळाखालून पळणाऱ्या हवेमुळे, आणि हे पुढच्या वर्षी नियमांनी बदलणार. या जातीच्या गाड्यांची इथली ही शेवटचीच शर्यत. मला त्याला सांगावंसं वाटलं, अहो, हे सगळं सुरू कसं झालं ते मला ठाऊक आहे, माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं गेलंय ते.

आठवतं तुला? बाबा ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढायचे आणि घरी येऊन तुला गोष्टी सांगायचे. विलायतेत पन्नासेक वर्षांपूर्वी काही इंजिनियर वाऱ्याच्या बोगद्यात गाडीचं मॉडेल तपासत होते. आकडे काही केल्या जुळेनात. बघतात तर मॉडेलच वाकत होतं, वारा सुटला की त्याच्या बाजू जमिनीकडे ओढल्या जात होत्या. मॉडेल नुसतं सरळ करून ठेवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते म्हणाले, फट कमी झाली की पकड वाढतेय काय? मग त्यांनी दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवून फट बुजवली आणि आकडे उसळले. हे तुला पटवायला बाबांनी शालूमावशीच्या नमिताच्या लग्नपत्रिकेच्या पट्ट्या कापून तुझ्या निळ्या गाडीला लावल्या, गाडी माझ्या वजनकाट्यावर ठेवली आणि माझा हेअर ड्रायर सोडला. काटा ढिम्म हलला नाही. परातीतलं पीठ मात्र घरभर झालं. तरी तू टाळ्या वाजवल्यास. तुझी नोकरी त्या पिठातून उगवलीय, टीमला सांग.

जमिनीच्या फार जवळ गेलं की गाडी आपटायला लागते, हेही तूच मागे फोनवर सांगितलं होतंस. ते मला लगेच समजलं. बाबा गेल्यावर तू राहायला आलास, तेव्हा तिसऱ्या दिवशी आपण टॉवेलवरून भांडलोच की. पण तू परत गेलास आणि घर इतकं हलकं झालं, की कशालाच पकड राहिली नाही. संध्याकाळी मी टीव्हीवर अरबी बातम्या लावते. कळत काही नाही, पण कोणीतरी बोलत असतं.

आता खरं सांगते. ऑफिसने माझं काम एका सॉफ्टवेअरला दिलं. खलास. नोकरी नाही तर व्हिसा नाही. पनवेलला शालूमावशीच्या शेजारी जागा बघितलीय. या घराची किल्ली जानेवारीअखेर द्यायची आहे. त्यानंतर दोह्यात तुझी शर्यत असेल, घर नसेल. कपाटं सरकवली तेव्हा मागे ती निळी गाडी सापडली. एका बाजूची पट्टी सुटलीय, दुसरी अजून घट्ट आहे. सामानाची खोकी बांधून झाली. गाडी मी त्यात टाकली नाही, ओट्यावर ठेवलीय. आयुष्यात मी तुला कधी ‘ये’ म्हटलं नाही, तू येशीलच असं धरून चालले. या वेळी म्हणतेय. किल्ली द्यायच्या आधी एकदा ये. त्रास होईल, तिकीट महाग असेल, साहेब कुरकुर करेल. घे तेवढा त्रास. फक्त दोन दिवस आधी कळव, वाल भिजत घालावे लागतात.

तुझीच,
आई