माझ्या पश्चात घरात कुजबूज नको

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा पाण्याच्या पंपाच्या मोटारी दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे हृदय निम्म्या ताकदीने चालते. डोके पूर्ण चालते. मी मनोविकारतज्ज्ञांकडे जातो म्हणून धाकट्या भावाने हरकत घ्यायला तोंड उघडू नये. डोके ठिकाणावर असल्याचा तज्ज्ञांचा दाखला सोबत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते जगण्याचा कंटाळा आला असताना घाईने केले होते.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला. तिच्या हयातीत वाटणीचा विषय कोणी काढू नये.

२. हृदयाच्या ऑपरेशननंतर घरच्यांनी मला जपले. जपले म्हणजे कारखान्याच्या किल्ल्या काढून घेतल्या, भांडणे स्वयंपाकघरात नेली आणि "त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका" एवढेच तेवढे मोठ्याने बोलले. मोटारीची बेअरिंग गेली की मला शटरबाहेरून कळते. मला सगळे ऐकू येत होते. डॉक्टर दम लागतो का, पाय सुजतात का, विचारत. आपण नसलो तर ही माणसे सुटतील, असे माझ्या मनाने घेतले होते. ते कोणी विचारले नाही, मी सांगितले नाही.

३. आईचे शिलाई मशीन थोरल्या बहिणीला. त्यावरून आमचा कित्येक वर्षे अबोला होता. मशीन माझेच, हे आजही माझे म्हणणे आहे. तरी द्यावे. कारण ती मला बघायला आली, दार लोटले आणि म्हणाली, "तोंड का पाडलंयस? मरून जावंसं वाटतं का रे? सरळ सांग."

"वाटतं, आक्का."

ती रडली नाही. "मग उद्या डॉक्टरला हेच सांगायचं. मी येणार बरोबर. तू लबाड आहेस, तिथे जाऊन हवापाण्याच्या गप्पा मारशील."

उपचार सुरू झाले, किल्ल्या परत मिळाल्या. फरक पडला, सावकाश, पण पडला.

४. कारखाना व सर्व हत्यारे मुलाला. त्याचेही हृदय कमजोर निघाले आहे. त्याच्या किल्ल्या कोणी काढून घेऊ नयेत, त्याच्यामागे कुजबुजू नये. हल्ली तो "ठीक आहे" म्हणतो, तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. आक्काचा प्रश्न त्याला त्याच शब्दांत विचारावा. विचारल्याने नसलेला विचार मनात शिरत नाही, असे तज्ज्ञांनी सांगितले आहे.

५. कलम चारमधला प्रश्न माझ्या मरणापर्यंत थांबण्यासारखा नाही, हे लिहिता लिहिता ध्यानात आले. म्हणून आज दुपारी मीच विचारले. मुलाने पाना पुसून जागेवर लावला. मग म्हणाला, "बाबा, उद्या तुम्ही जाताय ना त्या मनाच्या डॉक्टरांकडे? मी येऊ?"

सबब उद्या कारखाना बंद राहील.

साक्षीदार : १. शेजारचा लेथवाला. २. कोपऱ्यावरचे औषधदुकानदार.
(आक्काला सही करायची होती. मशीन तिला मिळणार म्हणून वकिलांनी नको म्हटले. ती वकिलांशी बोलत नाही.)

स्थळ : कारखान्यामागची खोली
दिनांक : ३ मार्च, सोमवार
सही