सगळी एकाच नाकाची

पेन्या ब्लांका,
१९ फेब्रुवारी, शनिवार

लाडक्या नेरीताला आजीचे पुष्कळ मुके.

मी बरी आहे, गुडघे सोडून. तुझे वडील बरे आहेत. लाल कोंबडी खुडूक बसलीय आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. तुझं पाकीट बुधवारी पोचलं. टपालवाला चढ चढत नाही, खाली चोलेच्या दुकानात ठेवून जातो, त्यामुळे ते माझ्याआधी चोलेने उघडलं. म्हणे, ‘मला वाटलं तुझी गुडघ्याची औषधं असतील.’ एवढ्या चपट्या पाकिटात औषधं! चाळीस वर्षांची शेजारीण, काय बोलायचं तिला.

पण बरं झालं एका अर्थी. दुपारभर आम्ही दोघी तो तुझा वटवाघळांचा तक्ता दुकानाच्या फळीवर पसरून बसलो. अगं, किती हसलो! ती सुरकुतलेल्या तोंडाची जात आहे ना, ती बघून चोले म्हणाली, ‘हा तर तुझा हसिंतो, कवळी काढून ठेवल्यावर!’ मी म्हटलं, माझ्या मेलेल्या नवऱ्याला नावं ठेवतेस, तुझा नवरा म्हणजे तो कोपऱ्यातला भाल्याच्या नाकाचा, बघ की. गिऱ्हाईक आलं तर तिने त्याला मीठ द्यायच्याऐवजी साखर दिली.

तक्ता तुझ्या हातचा आहे हे मी सगळ्यांना सांगितलं. पाद्रीबाबांनासुद्धा. माझी नात मोरेलियाला मोठ्या शाळेत आहे आणि वटवाघळांची कुळं लावते, म्हटलं. ते म्हणाले, माणसांची लावून झाली वाटतं.

तू लिहिलंयस की हे सगळं पाननाक्यांचं, नाकावर पान असलेल्यांचं, कुळ एकच, पण त्यात दोनशेच्या वर जाती. कुणी फुलातला रस पितो, कुणी उंबरं खातो, कुणी पतंग, कुणी चक्क बेडूक, कुणी केळीचं पान दुमडून त्याचा तंबू करून राहतो, आणि रक्तावर जगणाऱ्या त्या साऱ्यांत फक्त तीन. तीनच? मी बोटांनी पुन्हा मोजलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चार इयत्ता शिकलेली बाई, त्यातही एक इयत्ता दोनदा. पण बाळ, तुझ्या शाळेतल्या बाई दात बघून आणि नाक मोजून जाती लावतात, मी ओळखायचे खाली काय पडलंय ते बघून. उंबराच्या बारीक बिया पडल्या असतील तर वर फळं खाणारी. पतंगांचे पंख पडले असतील तर लांब कानांची. पिवळी शीट असेल तर फुलांवरची. आणि काळं, डांबरासारखं, पायाला चिकटणारं, नाकात जाऊन बसणारं असेल तर रक्तपिती, ती रक्त पिणारी. डोंगरावरच्या गुहेतलं ते खत मी माझ्या मिरचीला घालायचे. सगळ्या गावात तशी मिरची कुणाची नव्हती. वर्षातून चार खेपा मी आत जायचे, पोती भरायचे. बाकी कुणी जात नसे, वास येतो म्हणून.

तू विचारलंयस, गुहेची वाट अजून आहे ना, एप्रिलमध्ये बाईंना घेऊन येते, माझा सगळा अभ्यास त्या गुहेवर उभा आहे.

वाट आहे. पण फार खराब झालीय. तुझ्या बाईंना ऊन सोसेल का? एप्रिलमध्ये इथे दगडावर भाकरी भाजते. पलीकडच्या गावाला एक छोटी गुहा आहे, तिथे गाडी जाते म्हणे. तिकडे गेलात तर? विचार कर.

हात दुखला. उद्या लिहीन.

रविवार

प्रार्थनेहून आले. चोलेने मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाल दिले, मिरची कमी होती.

काल मी तुला उगाच दुसऱ्या गुहेचं सांगितलं. ती गुहा नाही, नुसती कपार आहे, त्यात शेळ्या बसतात.

तुझ्या पाकिटातला दुसरा कागद मी काल झोपायच्या आधी वाचला. अक्षर बारीक काढतेस तू, मला खूप वेळ लागला. त्यात तू लिहिलंयस की डोंगरातल्या घायपातीला आयुष्यात एकदाच फूल येतं, आणि लांब जिभेची वटवाघळं त्या फुलावर आली नाहीत तर शेंगेतलं बी पांढरं, पोकळ निघतं. काळं निघत नाही.

मी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तुझे आजोबा दर वर्षी बी आणायला डोंगरावर जायचे. घायपातीची दारू, मेस्काल, गाळणारे बाकीचे लोक नुसते तिचे कांदे खणून आणत, ते मात्र एक खणला तर दहा लावत. ओट्यावर बसून शेंगा फोडायचे. काळं बी इकडे, पांढरं तिकडे. काळं कोळशाच्या पापुद्र्यासारखं, पांढरं कागदासारखं. एका वर्षी पांढऱ्याचा ढीग मोठा झाला. पुढच्या वर्षी आणखी मोठा. मग एकदा चार टोपल्या शेंगा फोडून त्यांच्या मुठीत मावेल एवढंच काळं बी निघालं. ‘तोमासा,’ म्हणाले, ‘ग्रहण लागलं याला. फुलावर असताना ग्रहण झालं असणार.’ त्यांनी झाडांना लाल चिंध्या बांधल्या. माझ्याच फाटक्या परकराच्या. मी फाडून दिल्या. पुढे भट्टी बंद पडली, ते दुसऱ्यांच्या भट्टीवर कामाला जाऊ लागले. ते वारले तेव्हाही त्यांच्या मनात ते ग्रहणच होतं.

मला तेव्हा घायपातीचं कोडं उमगलं नव्हतं, देवाशपथ. ते काल उमगलं. पण दुसरं एक होतं ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

आज नको. उद्या मी वर जाऊन येते, स्वतःच्या डोळ्यांनी बघते, मग लिहीन. तुझ्या वडिलांना सांगू नकोस मी चढले म्हणून, ओरडतील.

मंगळवार

जाऊन आले. जायला अर्धा दिवस लागला, यायला उरलेला. काल आल्यावर जी पडले ती आज उठले. पाय माझे नाहीत असं वाटतंय. चोले शेक द्यायला आली होती, ‘या वयात डोंगरावर काय ठेवलंयस?’ म्हणून बडबडून गेली.

नेरी, ती गुहा आम्ही जाळली. अडतीस वर्षं झाली.

तुला लहानपणी मी तिथल्या गोष्टी सांगितल्या, संध्याकाळी धुरासारखी रांग बाहेर पडते, चिकूच्या झाडांवर उतरते, ते सगळं खरं होतं, पण ते जाळण्याआधीचं. तू ‘मला ने’ म्हणायचीस, मी म्हणायचे तिथे साप आहेत. साप नव्हते. तुझे वडील तेव्हा चार वर्षांचे, त्यांना आठवत नाही. आणि ज्यांना आठवतं ते बोलत नाहीत, किंवा उत्तरेला गेले, किंवा मेले.

त्या वर्षी गुरांना लुळेपण आलं. रक्तपिती चावली की होतं ते. आधी मागचे पाय ओढत जातं जनावर, मग बसतं, मग उठत नाही, तोंडाला फेस. गावातली अकरा गेली. आमची पालोमा तीन दिवस अंगणात पडून होती. तिचं वासरू तिला ढुशा देत होतं, आणि ती डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. ती ज्या सकाळी गेली त्याच सकाळी सगळे पुरुष आमच्या गोठ्यापाशी जमले.

एव्होदियोकाका तेव्हा गावाचे मुख्य होते. त्यांनी टोपी मागे सरकवून मला विचारलं, ‘वहिनी, आत फक्त तुम्ही जाता. ती सगळी रक्तपितीच आहेत ना?’

तुझे आजोबा म्हणाले, ‘ती काय सांगणार? ती खत भरायला जाते, त्यांच्याशी गप्पा मारायला नाही.’

सगळे हसले. पालोमा तिथेच पडली होती, तिच्यावर माश्या बसत होत्या, आणि ते हसले.

मला माहीत होतं, नेरी. रक्तपिती अगदी आत, उजव्या हाताच्या कोनाड्यात होती, तीस-चाळीस फार तर. काळं डांबर तेवढ्याच जागी होतं. बाकी सगळ्या गुहेत बिया, पंख आणि पिवळी शीट. हजारो होती ती बाकीची, आणि त्यांनी कुणाच्या गाईला बोट लावलं नव्हतं. हे एवढं मला बोलायचं होतं. मी बोलले ते असं:

‘सगळी एकाच नाकाची आहेत. जाळून टाका.’

का बोलले? तो कोनाडा दाखवला असता तर पुरुषांना आत शिरावं लागलं असतं, जाळी लावावी लागली असती, दिवस गेले असते, ‘बाईच्या शब्दावर’ म्हणून कुरकुर झाली असती. हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या वेळी मला फक्त काहीतरी मेलेलं हवं होतं. आणि ते हसायचे थांबले, माझं ऐकलं, तेही मला आवडलं. ते तुझ्यापासून का लपवू?

सुक्या मिरचीची दोन पोती मी माझ्या घरची दिली. त्याच खतावर पिकलेली. जुने टायर, मिरची आणि ओला पाला गुहेच्या तोंडाशी रचून सकाळी पेटवलं. अर्ध्या तासात ती भर उन्हात बाहेर पडू लागली. आंधळ्यासारखी दगडांवर आपटायची आणि पडायची. आम्ही सगळे खोकत होतो, डोळ्यांना पाण्याच्या धारा, कोण धुराने रडतंय आणि कोण कशाने ते कळायला मार्ग नव्हता. मार्च महिना होता, घायपात फुलली होती. पडलेल्यांतल्या पुष्कळांची तोंडं फुलांच्या पिवळ्या धुळीने माखलेली होती आणि लांब जीभ बाहेर आली होती. काहींच्या पोटाला पिल्लं होती. पुढचे दोन दिवस मी ती खराट्याने लोटत होते. मीच, कारण मीच तिथे जात असे.

आणि गुरं मरायची थांबली नाहीत. पुढच्या साली सरकारी जनावरांचे डॉक्टर आले. गोठ्याभोवती बारीक जाळं लावलं, एक रक्तपितं धरलं, त्याच्या पाठीला मलम चोळलं आणि सोडून दिलं. ते घरी गेलं की बाकीची त्याला चाटतात आणि मरतात, फक्त तीच, इतरांना धक्का नाही. गुरांना सुया टोचल्या, झालं. एव्होदियोकाका म्हणाले, ‘हे आधी आम्हाला कुणी सांगितलं असतं तर!’ मी तिथेच उभी होते, बादली घेऊन.

आता एक सांगते, त्याची मला जास्त लाज वाटते. बुधवारी तुझा तक्ता उघडला आणि वर तुझ्या अक्षरात वाचलं, हे सगळं एकच कुळ. रक्तपितीसुद्धा त्यातच. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! चोलेबरोबर मी हसत होते ते काही त्या सुरकुतल्या तोंडाला नाही. मनात म्हणत होते, बघ तोमासा, तू खोटं बोललीच नव्हतीस, मोठ्या शाळेतले लोकही तेच म्हणतात. तीन दिवस मी त्या आनंदात होते. मग रक्तपित्याच्या चित्राखालचं वाचलं. याच्या नाकावर पान उरलेलं नाही, नुसता चपटा गोळा आहे. ते मी तेव्हाही बघितलं होतं. गोठ्यात मेलेलं एक हातात धरून बघितलं होतं, पालोमा पडायच्या आठवडाभर आधी.

काल गुहेत गेले. दगड अजून काळा आहे, बोट लावलं तर बोट काळं होतं. टाळी वाजवली, काही हललं नाही. खाली ना बिया, ना पंख. आत उजव्या कोनाड्यात मात्र ताजं डांबर होतं. जी घालवायची होती तीच तेवढी परत आलीत.

तुझा अभ्यास माझ्या गोष्टींवर उभा होता, तो पडला. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी जीभ वळत नाही, म्हणून हे लिहिलं. हे पत्र बाईंना वाचून दाखव. त्यांना यायचं नसेल तर मला समजतं. यायचं असेल तर कोनाडा मी दाखवीन, चढायला दोन दिवस लागले तरी.

एक मागणं आहे. नाताळात तू मला एक छापलेला कागद वाचून दाखवला होतास, कुठल्याशा गुहेबद्दल. त्यात होतं, ‘स्थानिक लोकांनी अज्ञानामुळे ती जाळली.’ आमच्या गुहेबद्दल तसं लिहू नकोस. एव्होदियोकाकांना माहीत नव्हतं, ते विचारत होते. तुझ्या आजोबांना माहीत नव्हतं. त्यांच्या नावावर हे अज्ञान घालू नकोस, आणि माझ्या नावावर तर मुळीच नको. माझं नाव लिही, पूर्ण, बापाचं आडनाव आणि आईचंही, शुद्ध. म्हणून खाली मोठ्या अक्षरात काढते.

तोमासा रेंदोन गाल्वान

हे तुझ्या वहीसाठी. तुझ्यासाठी, अजून हवी असेल तर,

आजी