आमच्या नर्सचं इलेक्शन

३ ऑगस्ट, सोमवार

नाही गं बाई, रेडिओनं सांगितलं म्हणून मत देणारी मी नव्हे. प्रनीताला हेच तोंडावर सांगितलं. सुनेनं सासूला विचारायचा प्रश्न आहे का हा? म्हणे, अम्मा, तुमचं मत तुमचं की रेडिओवरच्या कमलभैयाचं? मी म्हटलं, सहावीपर्यंतच शिकले मी, पण कान दोन आहेत. एकानं रेडिओ ऐकते, दुसऱ्यानं जग. तर म्हणते, मग दुसऱ्या कानात मळ साठला असेल. आजकालच्या सुना.

मोठी बातमी. सेरेआना इलेक्शनला उभी राहतेय. आमची नर्स! बावीस वर्षं आमच्या वस्तीच्या नर्सिंग स्टेशनात. सरकारी नोकरीत राहून उभं राहता येत नाही म्हणून राजीनामा देऊन मोकळी झाली. मी म्हटलं, ताप बिप आलाय का तुला? ती म्हणाली, काकी, पूर आला की नदीपलीकडची बाळंतीण पलीकडंच मरते. पुलासाठी अर्ज लिहून लिहून माझी पेनं संपली, आता मीच जाते मागायला. आणि हरलीस तर? हरले तर क्वार्टर रिकामं करायचं, म्हणाली. हसत म्हणाली. हिचं सगळंच हसत.

संकल्प: तिचा प्रचार मी करणार. मी बोलले की वस्ती ऐकते.

५ ऑगस्ट, सकाळी ६

कमलभैयाचा प्रोग्राम मी फक्त मयताच्या बातम्यांसाठी लावते. लंबासा शहरात कोण गेलं, तिकडं बा गावात कोण गेलं, माती कधी. एक मयत चुकलं की नातेवाईक जन्मभर ऐकवतात. मयतं संपली की तो राजकारणावर येतो. तेवढ्यासाठी कुठं उठून बंद करायचं? बटणही ढिलं झालंय.

आज म्हणाला, नर्सबाई राजकारणात, छान आहे. मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो. आपल्या हिंदुस्थानी लोकांचे जमिनीचे भाडेपट्टे संपत आलेत. अशा वेळी ही फिजीयन बाई कुणाच्या बाजूनं बसेल?

सभ्य माणूस. आरोप नाही, शिवी नाही. नुसतं विचारतो.

आमचा पट्टा पुढच्या वर्षी संपतो. ऊस आमचा, घर आमचं, जमीन फिजीयन लोकांची. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

११ ऑगस्ट

आज मी स्वतः रेडिओवर! वीस मिनिटं होल्डवर होते, रिचार्ज सगळा गेला. कमलभैया म्हणाला, लंबासाहून रामरती काकी, बोला काकी! माझी छाती अशी धडधडली, लग्नातसुद्धा नव्हती धडधडली.

मी सेरेआनाच्या बाजूनं बोलले. म्हटलं, नर्सचा हात जड आहे, वस्तीतल्या समद्या ढुंगणांना ठाऊक आहे, पण औषध लागू पडतं! कमलभैया इतका हसला की गाणं लावावं लागलं. गाण्यानंतर म्हणाला, ऐकलंत श्रोतेहो, हात जड आहे! हा जड हात आपल्या पट्ट्यावर पडला तर?

माझं पुढचं बोलणं कापलं बहुतेक. रेडिओवर वेळ कमी असतो.

१२ ऑगस्ट

दिवसभर लावतायत. ‘नर्सचा हात जड आहे’, मग धाडकन ढोल. दर तासाला. बस ड्रायव्हरनं ओळखलं. स्टँडवरच्या भुजावाल्यानं मूठभर चणे-वाटाणे जास्त घातले, म्हणाला काकी तुम्ही तर स्टार झालात. नर्सचं नाव घरोघरी पोचलं, ते माझ्यामुळं. प्रचार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी सेरेआना आली. कानात बोट घालून म्हणाली, काकी, औषधाचं कुठं गेलं? मी म्हटलं, उद्या लावतील.

१५ ऑगस्ट

नाही लावलं. उद्या लावतील.

२० ऑगस्ट

सेरेआनाला रेडिओवर बोलावलं होतं. पूल म्हटली की टायरची जाहिरात. ॲम्ब्युलन्स म्हटली की पुन्हा टायर. पाच मिनिटांत संपलं. मग बसवाले धीरेंद्रबाबू, तेही उभे आहेत. त्यांना एक तास. त्यांच्या नातीनं भजनसुद्धा म्हटलं. गोड गळा आहे पोरीचा.

प्रनीता म्हणाली, ह्यांना तास आणि तिला पाच मिनिटं, का हो अम्मा? मी म्हटलं, ज्याच्यापाशी बोलायला असतं त्याला तास मिळतो. ती म्हणाली, ज्याच्या बसच्या जाहिराती रोज वाजतात त्याला मिळतो. मी म्हटलं, तुला प्रत्येक दालोच्या कंदात कीड दिसते. ती म्हणाली, सोलते मी, म्हणून दिसते.

जीभ बघा.

तरी संकल्प: उद्यापासून रेडिओ बंद. मन स्वच्छ ठेवायचं.

२१ ऑगस्ट

शेजारच्या जगदेवची आई सीरियस आहे. मयताची बातमी कधीही येईल. रेडिओ चालू ठेवणं भाग आहे.

२६ ऑगस्ट

जगदेवची आई बरी होतेय. सेरेआना रोज जाऊन पायाची जखम धुते. पगार नाही, नोकरी नाही, तरी जाते. मी म्हटलं, आता कोण विचारतंय तुला? ती म्हणाली, जखमेला राजीनामा कळत नाही, काकी.

२ सप्टेंबर

जगदेवच्या शेडमध्ये ग्रोगची बैठक. बाप्ये ते मुळीचं गढूळ पेय करवंटीचे बिलो भरभरून पीत होते, आम्ही बायका मागं चटईवर. विषय एकच. गंमत म्हणजे जो उठला तो आधी म्हणाला, हे माझं स्वतःचं डोकं आहे हं. आणि मग म्हणाला, मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो. एकूणएक! ऊसतोडीच्या गँगचा सरदारसुद्धा. मला असं हसू आलं. म्हटलं, एवढी डोकी आणि तोंड एकाच माणसाचं! कुणी हसलं नाही. जगदेव म्हणाला, काकी, तुमचा पट्टा आमच्याही आधी संपतोय. हसा.

त्याच्या आईच्या पायाला पट्टी कोण बांधतं ते मी बोलणार होते. पण रात्र फार झाली होती.

४ सप्टेंबर

आज सेरेआनाला विचारलंच. मैत्रीण आहे, मनात कशाला ठेवायचं? ती जगदेवच्या आईला पट्टी बांधत होती. मी म्हटलं, सेरे, पट्ट्यांचं काय गं? मी काही म्हणत नाही, फक्त विचारते.

ती मग म्हणाली, काकी, मी लग्न होऊन गेलेली बाई. माझ्या स्वतःच्या गावात जमिनीवर माझा शब्द चालत नाही. मी कुणाचा पट्टा खाणार? हसली. पण बांधत आणलेली पट्टी तिनं सगळी सोडली आणि पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

मला तिचं पटलं. शंभर टक्के पटलं. घरी येऊन चहा ठेवला. कमलभैया म्हणत होता, विचारलं की लोक हसून उत्तर देतात. मी काही म्हणत नाही.

१४ सप्टेंबर, सोमवार

इलेक्शनच्या आधीचे दोन दिवस रेडिओला राजकारण बोलायची बंदी. नुसती गाणी आणि मयतं. कमलभैयासुद्धा आज हवामान सांगून गेला.

बरं झालं. आता कुणी कानात काही ओतत नाही. आता जे मनात येईल ते माझं.

दुपारी ओट्यावर बसले. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. शेवटचे आठ महिने सेरेआना रोज उसातून चालत यायची इंजेक्शन द्यायला. पावसात चपला हातात. ह्यांना म्हणायची, काका, काकी तुमची पेन्शन भुज्यात उडवते, लवकर बरे व्हा. हे हसायचे. हसताना दुखायचं, तरी हसायचे. शेवटच्या दिवशी ह्यांचे डोळे तिनं मिटले. माझा हात उचलला नाही.

हे सगळं आठवत होतं. आणि मध्येच आतून कुणीतरी म्हणालं, ते ठीक आहे, पण पट्टा?

रेडिओ बंद होता. मी उठून बघून आले.

१५ सप्टेंबर

डोकं दुखतंय. झोप नाही. घराभोवती चक्कर मारली. आंब्याचं झाड ह्यांनी लावलेलं. पट्टा गेला तर झाड कुणाचं?

स्वतःचा विचार करायला त्रास हा होतोच.

१६ सप्टेंबर, बुधवार

मत दिलं. शाळेत लाईन होती. चिठ्ठीवर नाव नाही, फोटो नाही, नुसते आकडेच आकडे. एकावर गोल काढायचा. माणसाला मत द्यायचं की तंबोला खेळायचा? सेरेआनाचा २८६. फळ्यावर लिहिल्यासारखा पाठ होता.

सेरेआना फाटकाबाहेर उभी होती, निळा जांबा झगा घालून. मला बघून तिनं नुसती भुवई उडवली, बोलायची बंदी ना. मीही उडवली.

कुणाला दिलं ते इथं लिहायचं नाही. गुप्त मतदान म्हणजे वहीपासूनसुद्धा गुप्त.

आमच्या बूथवर तिला दीडशे तरी पडतील. कमीत कमी.

१७ सप्टेंबर

शाळेच्या दारावर कागद लावला. आमच्या बूथवर सेरेआनाला सात.

सात!

धीरेंद्रबाबूंना दोनशे अकरा. ते निवडून आले म्हणतात.

ही वस्ती माणसांची आहे का? जगदेवची पोरं कुणी जन्माला घातली? गँगच्या सरदाराचा तुटलेला अंगठा कुणी शिवला? मी शाळेसमोरच सुनावलं. मेल्यांनो, रेडिओनं थुंकी दिली ती झेललीत! जगदेव खाली बघून म्हणाला, काकी, घाबरलो होतो. मी म्हटलं, घाबरला म्हणून माणूस असा वागतो?

प्रनीता बाजूला उभी होती. मला घरी घेऊन आली, हाताला धरून.

१९ सप्टेंबर

कमलभैयानं श्रोत्यांचं अभिनंदन केलं. म्हणाला, जनतेनं स्वतःच्या डोक्यानं निर्णय घेतला.

नर्सिंग स्टेशनला कुलूप. नवीन नर्स कधी येणार माहीत नाही. जगदेवच्या आईला घेऊन तो बसनं लंबासाला गेला. धीरेंद्रबाबूंचीच बस. तिकीट वाढलंय.

संकल्प: रेडिओ विकायचा.

२० सप्टेंबर, रविवार

सेरेआना आली. मी मागच्या दारानं उसात जाणार होते, पण तिनं हाक मारली. क्वार्टर रिकामं केलंय. ट्रक उभा होता, नवरा जोने गाद्या बांधत होता. उद्या सावूसावू गावाला, तिच्या नणंदेकडं.

हातात चार कुर्ल्या, दोरीनं बांधलेल्या, जिवंत. म्हणाली, काकी, ह्या तुझ्यासाठी. मी म्हटलं, हरलेल्यांनी वाटायचं असतं का काही? तिनं बोटांवर मतं मोजून दाखवली. मी, जोने, आमची तीन मोठी पोरं, जोनेची आई. सहा झाले. मग सातवं बोट माझ्या छातीवर टेकवलं. म्हणाली, अख्ख्या वस्तीत एक. बावीस वर्षांतलं एक मिळालं मला. ते एक नसतं ना काकी, तर मी इथून रडत गेले असते.

मी म्हटलं, सात आकडा शुभ असतो.

ती हसली. मला जवळ घेतलं. अंगाला डेटॉलचा वास, अजून. म्हणाली, बीपीची गोळी चुकवू नको, मी नाही आता आठवण करायला. ट्रक गेला. मी हात हलवत राहिले.

आत आले तर प्रनीता कुर्ल्यांच्या दोऱ्या सोडत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, अम्मा, सातवं कुणाचं ते मला ठाऊक आहे. जाऊ दे, तिला तसंच वाटू दे. माझ्या ताटात वाढलं, स्वतः फक्त रोटी खाल्ली.

मी जेवले. कुर्ल्या चांगल्या होत्या.

सातवं मत माझं नव्हतं. मी धीरेंद्रबाबूंच्या आकड्यावर गोल काढला.